विस्तृत झोताची विजेरी

ज्या विजेरीचा प्रकाश दूरच्या एका ठिपक्यावर न एकवटता जवळच्या परिसरात रुंद शंकूच्या आकारात पसरतो, तिला विस्तृत झोताची विजेरी असे म्हणतात. ही विजेरी हातात धरण्याची, कपाळावर बांधण्याची किंवा कपड्यांना अडकवण्याची असू शकते. तिचा पल्ला अरुंद झोताच्या विजेरीपेक्षा कमी असतो. मात्र पायाखालची वाट, वाटेच्या दोन्ही कडा आणि आजूबाजूची हालचाल ती एकाच वेळी दाखवते. त्यामुळे रात्री पायी चालणे, तंबूत किंवा घरात वीज गेल्यावर काम करणे, शेतावर पाणी देण्यास जाणे आणि पाळीव कुत्र्याला फिरवणे अशा जवळच्या कामांसाठी ती वापरली जाते.

कुत्र्याला रात्री फिरवताना चालणाऱ्याचा एक हात साखळीत गुंतलेला असतो आणि कुत्रा वाटेच्या कडेचे गवत व झुडपे हुंगत चालतो. या उपयोगात विजेरीची जाहिरातीतील तेजस्विता किंवा लांब पल्ला यांपेक्षा झोताची रुंदी अधिक महत्त्वाची ठरते. विषारी सापांचा वावर असलेल्या महाराष्ट्र व गोव्यासारख्या प्रदेशांत या फरकाला सुरक्षिततेच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे.

## नाव

विजेरी हा शब्द वीज या शब्दावरून आला आहे. बोलचालीत टॉर्च आणि बॅटरी हे शब्द अधिक रूढ असून ग्रामीण भागात बॅटरी हा शब्द संपूर्ण उपकरणासाठी वापरला जातो, तर तिच्यातील घटाला सेल असे म्हणतात. जुन्या बोलण्यात चोरबत्ती हा शब्दही आढळतो. या लेखात विजेरी हा शब्द उपकरणासाठी आणि बॅटरी हा शब्द तिला वीज पुरवणाऱ्या घटासाठी योजला आहे.

## इतिहास

विजेरी येण्यापूर्वी रात्रीच्या वाटचालीसाठी मशाल, पलिता आणि रॉकेलचा कंदील वापरात होते. कंदिलाचा प्रकाश मंद असला तरी तो चहूबाजूंना पडतो. हातात खाली धरलेला कंदील पायांभोवतीची जमीन उजळतो, पण काही पावलांपलीकडचे दाखवू शकत नाही.

कार्ल गास्नर या जर्मन संशोधकाने १८८० च्या दशकात सांडण्याची भीती नसलेला कोरडा विद्युत घट तयार केला आणि हातात धरण्याजोगा विजेचा दिवा शक्य झाला. डेव्हिड मिसेल यांच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत एकस्व मिळाले. हे एकस्व कॉनरॅड ह्युबर्ट यांच्या अमेरिकन इलेक्ट्रिकल नॉव्हेल्टी अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या नावे होते. हीच कंपनी पुढे एव्हरेडी या नावाने प्रसिद्ध झाली. त्या काळचे घट आणि कार्बन तंतूचे दिवे दुबळे असल्याने प्रकाश सलग ठेवता येत नसे. थोडा वेळ दिवा लावून पुन्हा बंद करावा लागे. विजेरीच्या अमेरिकी इंग्रजी नावाचा उगम या क्षणिक उजेडातच आहे.

टंगस्टन तंतूचे दिवे आल्यावर विजेरी भरवशाची झाली. या दिव्यांचा एकूण प्रकाश थोडा असल्याने तो वाया जाऊ नये म्हणून दिव्यामागे गुळगुळीत, खोल परावर्तक बसवून प्रकाश एका दिशेला एकवटला जाई. विसाव्या शतकातील बहुतेक विजेऱ्या त्यामुळे अरुंद झोताच्या होत्या, आणि चांगली विजेरी म्हणजे लांबवर झोत फेकणारी विजेरी, हा समज याच काळात दृढ झाला. भारतात पितळी किंवा पत्र्याच्या नळीची, दोन किंवा तीन मोठ्या सेलांची विजेरी अनेक दशके शेतकरी, रखवालदार आणि प्रवासी यांच्या हाती होती.

प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, हा या क्षेत्रातील मोठा बदल होय. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड दाखवला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र तेजस्वी निळ्या डायोडची वाट पाहावी लागली. तो १९९० च्या दशकाच्या आरंभी साध्य झाला. या कार्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरद्रव्याचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश मिळू लागल्याने तो एकवटण्याची सक्ती उरली नाही आणि विस्तृत झोताच्या विजेऱ्या व्यवहार्य झाल्या.

## झोताची रचना

एलईडीचा प्रकाश तिच्या समोरच्या अर्धगोलात पसरतो. त्याला आकार देण्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

* गुळगुळीत परावर्तक: खोल, आरशासारखा परावर्तक मध्यभागी प्रखर ठिपका आणि भोवती फिकट कडे तयार करतो. पल्ला लांब, पण उजेड असमान.
* खडबडीत परावर्तक: संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागामुळे मधला ठिपका मऊ होतो आणि कडेचा उजेड त्यात सहज मिसळतो.
* पूर्ण अंतर्गत परावर्तनाचे भिंग: पारदर्शक प्लास्टिकचे हे भिंग प्रकाश आतल्या आत वळवते. रचनेनुसार झोत अरुंद किंवा रुंद ठेवता येतो. कपाळावर बांधण्याच्या अनेक विजेऱ्यांत हे आढळते.
* सरकते भिंग: विजेरीचे डोके पुढे-मागे केल्यास झोत रुंद किंवा अरुंद होतो. काही स्वस्त विजेऱ्यांत अरुंद स्थितीत भिंतीवर एलईडीची चौकोनी प्रतिमाच उमटते आणि बराच प्रकाश डोक्याच्या आत वाया जातो.
* विसारक: दुधी काच, दुधी प्लास्टिक किंवा वरून बसवायची टोपी. यामुळे झोत मऊ व रुंद होतो. काही प्रकाश विसारकात शोषला जातो.
* उघडी एलईडी: परावर्तक किंवा भिंग नसलेली रचना. मोबाइल फोनचा दिवा जवळजवळ या प्रकारात मोडतो, म्हणूनच त्याचा उजेड रुंद पण अल्प पल्ल्याचा असतो.

## मोजमाप

विजेरीच्या वेष्टनावर प्रामुख्याने तीन राशी दिलेल्या असतात. ल्युमेन हे विजेरीतून सर्व दिशांना बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक आहे. कँडेला हे एका विशिष्ट दिशेतील प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक आहे. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक असून एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडल्यास ते प्रदीपन एक लक्स होते.

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफएल १ या मानकाने विजेऱ्यांच्या मापनाची समान पद्धत घालून दिली. या मानकानुसार झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रदीपन ०.२५ लक्सपर्यंत खाली येते ते अंतर. निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्रप्रकाशाइतका हा उजेड असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत असल्याने मीटरमधील पल्ला हा कँडेलातील कमाल तीव्रतेच्या वर्गमुळाच्या दुप्पट येतो. उदाहरणार्थ, २,५०० कँडेलाच्या विजेरीचा पल्ला १०० मीटर, तर १०,००० कँडेलाच्या विजेरीचा २०० मीटर असतो. पल्ला दुप्पट करण्यास तीव्रता चौपट करावी लागते.

### रुंदी आणि पल्ला यांचा संबंध

एकूण प्रकाश तेवढाच असेल तर झोत जितका रुंद, तितकी त्याची तीव्रता कमी. खालील तक्त्यात ३०० ल्युमेनचा प्रकाश वेगवेगळ्या कोनांच्या शंकूंत एकसारखा पसरला आहे असे मानून केलेले गणित दिले आहे. प्रत्यक्ष झोत मध्यभागी अधिक प्रखर असतात. त्यामुळे हे आकडे तुलनेसाठी आहेत.

| झोताचा पूर्ण कोन | तीव्रता (कँडेला) | पल्ला (मीटर) | ५ मीटरवरील रुंदी (मीटर) | ५ मीटरवरील प्रदीपन (लक्स) |
|---|---|---|---|---|
| १०° | सुमारे १२,५०० | सुमारे २२४ | ०.९ | सुमारे ५०० |
| ३०° | सुमारे १,४०० | सुमारे ७५ | २.७ | सुमारे ५६ |
| ६०° | सुमारे ३५६ | सुमारे ३८ | ५.८ | सुमारे १४ |
| ९०° | सुमारे १६३ | सुमारे २६ | १०.० | सुमारे ६.५ |

प्रदीपनाचे आकडे झोताला काटकोनात असलेल्या पृष्ठभागासाठी आहेत. चालताना झोत जमिनीवर तिरपा पडतो, त्यामुळे सपाट जमिनीवरील प्रत्यक्ष उजेड याहून बराच कमी असतो.

पहिल्या ओळीतील विजेरी दोन शतकांहून अधिक मीटर दूरचे झाड दाखवू शकते. पण पाच मीटरवर तिचा उजळ पट्टा मीटरभरही रुंद नसतो. शेवटच्या ओळीतील विजेरीचा पल्ला जेमतेम पंचवीस मीटर असला, तरी पाच मीटरवर ती रस्त्याची पूर्ण रुंदी दाखवते. दोन्ही विजेऱ्यांच्या वेष्टनावर ३०० ल्युमेन हाच आकडा असू शकतो. केवळ ल्युमेनवरून विजेरीची उपयुक्तता ठरवता येत नाही, ती यामुळेच.

## मानवी आणि कुत्र्याची दृष्टी

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलात दंडाकार आणि शंक्वाकार अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग व बारकावे टिपतात. दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, पण प्रखर प्रकाश पडताच हा सराव काही क्षणांत मोडतो. अरुंद झोताच्या मध्यभागी असलेल्या प्रखर ठिपक्यामुळे डोळे त्या तेजाशी जुळवून घेतात आणि ठिपक्याबाहेरचे सर्व काही अधिकच काळोखे भासते. समान पसरलेल्या मंद प्रकाशात हा दोष कमी असतो.

कुत्र्याला फिरण्यासाठी विजेरीची गरज जवळजवळ नसते. त्याच्या दृष्टिपटलात दंडाकार पेशींचे प्राबल्य असून पटलामागे टॅपेटम ल्युसिडम हा प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. पेशींतून निसटलेला प्रकाश हा थर पुन्हा त्यांच्याकडे पाठवतो. अंधारात कुत्र्याचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. कुत्र्यात शंक्वाकार पेशींचे दोनच प्रकार असल्याने त्याला निळा व पिवळा रंग ओळखू येतो; लाल आणि हिरव्यातील भेद नीट कळत नाही. त्यामुळे कुत्र्यासोबतची विजेरी ही माणसाने कुत्र्याच्या पुढ्यातील जमीन पाहावी यासाठी असते. अंधाराला सरावलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांवर थेट झोत टाकल्यास त्याला त्रास होतो.

## कुत्र्यासह रात्री फिरताना

### झोताची आवश्यक रुंदी

दोन मीटर लांबीच्या साखळीला बांधलेला कुत्रा चालणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन-दोन मीटर, म्हणजे एकूण चार मीटर रुंदीच्या पट्ट्यात फिरू शकतो. पाच मीटर पुढे हा संपूर्ण पट्टा उजळण्यास सुमारे ४५ अंशांचा, तर तीन मीटर पुढे उजळण्यास सुमारे ६७ अंशांचा झोत लागतो. १० अंशांच्या झोताने हे साधण्यासाठी विजेरी सतत डावी-उजवीकडे फिरवावी लागते आणि प्रत्येक क्षणी पट्ट्याचा मोठा भाग अंधारात राहतो.

सामान्य गतीने चालणारा मनुष्य सेकंदाला सुमारे १.३ मीटर अंतर कापतो. साखळीच्या टोकाला असलेला कुत्रा त्याच्या दोन मीटर पुढे असेल, तर माणसापासून पाच मीटरवर दिसलेल्या वस्तूपर्यंत पोहोचण्यास कुत्र्याला दोन-अडीच सेकंदच लागतात. वस्तू ओळखणे आणि साखळी आखडून घेणे या दोन्ही क्रिया तेवढ्या वेळात व्हाव्या लागतात.

### साप

२००० ते २०१९ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासावरून भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशविषबाधेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे देशातील वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. यांपैकी मण्यार, घोणस आणि फुरसे हे मुख्यत्वे रात्री वावरतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या कातळांवर फुरसे विशेष आढळते. रात्री बाहेर पडताना दिवा सोबत घेणे, पाय झाकणारी पादत्राणे वापरणे आणि वाट पाहून पाऊल टाकणे हे सर्पदंश टाळण्याच्या मूलभूत उपायांत गणले जाते.

सापाच्या डोळ्यांत टॅपेटम नसल्याने ते कुत्र्या-मांजराप्रमाणे चमकत नाहीत. साप दिसतो तो त्याच्या शरीराच्या आकारावरून, नक्षीवरून आणि सावलीवरून. घोणस व फुरसे यांचा तपकिरी रंग वाळलेल्या पाल्यात आणि मातीत मिसळून जातो. मण्यारीचा गडद रंग डांबरी रस्त्यावर चटकन लक्षात येत नाही. घोणस व फुरसे धोक्याची चाहूल लागल्यावर पळण्याऐवजी बहुधा जागीच वेटोळे करून राहतात. त्यामुळे सापावर पाय पडण्यापूर्वी तो दिसणे आवश्यक असते.

कुत्रा जमीन हुंगत चालतो आणि हलणाऱ्या वस्तूकडे तोंड नेतो. त्यामुळे कुत्र्यांना होणारे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर असतात. दंशाची शंका आल्यास बांधणे, कापणे किंवा चोखणे असे प्रकार न करता माणसाला रुग्णालयात आणि कुत्र्याला पशुवैद्यकाकडे तातडीने नेणे हाच उपाय आहे. वरील चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस भारतात तयार होते.

### बिबट्या

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर, पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांसारख्या भागांत बिबटे मानवी वस्तीजवळ राहतात आणि कुत्रे हे त्यांचे महत्त्वाचे भक्ष्य आहे. अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराच्या एका अभ्यासात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के भक्ष्य पाळीव अथवा भटके कुत्रे असल्याचे आढळले. अशा भागांत अंधार पडल्यावर एकट्याने न जाणे, आवाज करत चालणे आणि विजेरी बाळगणे असा सल्ला दिला जातो. येथे विस्तृत झोताची मर्यादा स्पष्ट होते: शेताच्या पलीकडच्या बांधावरील जनावर तिच्या उजेडात येत नाही. त्यासाठी लांब पल्ल्याची दुसरी विजेरी किंवा दोन्ही झोत असलेली विजेरी लागते. बिबट्याचे डोळे चमकताना दिसावेत यासाठी दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांजवळ असावा लागतो, कारण परावर्तित प्रकाश आल्या दिशेनेच परत जातो.

### वाहने

विजेरीमुळे चालणाऱ्याला रस्ता दिसतो. वाहनचालकाला कुत्रा दिसेलच असे नाही. गडद रंगाचा कुत्रा झोताच्या बाहेर असल्यास तो अदृश्यच राहतो. यासाठी गळपट्ट्यावर किंवा अंगपट्ट्यावर प्रकाश मागे फेकणारी पट्टी अथवा छोटा दिवा लावला जातो. पट्टी वाहनाच्या दिव्यात चमकते, तर दिवा वाहन नसतानाही कुत्रा कोठे आहे हे दाखवतो. समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर झोत गेल्यास त्याचे डोळे दिपतात, म्हणून झोत जमिनीकडे वळवलेला ठेवणे आवश्यक असते.

## निवडीचे निकष

### प्रकाशाचे प्रमाण

पायवाटेवर चालण्यासाठी विस्तृत झोतात साधारणपणे १०० ते ३०० ल्युमेन पुरेसे होतात. पथदिवे असलेल्या वसाहतीत याहून कमी प्रकाशही चालतो. ल्युमेन दुप्पट झाल्याने उजेड दुप्पट झाल्यासारखा डोळ्यांना वाटत नाही. लहान आकाराच्या अतितेजस्वी विजेऱ्या लवकर तापतात आणि अंतर्गत नियंत्रणामुळे काही मिनिटांत त्यांचा प्रकाश आपोआप कमी होतो. एफएल १ मानकातील ल्युमेनचे मापन विजेरी लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत होते आणि चालण्याचा कालावधी प्रकाश आरंभीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो. त्यामुळे वेष्टनावरील ‘५ तास’ याचा अर्थ पाच तास पूर्ण प्रकाश असा नसतो.

### रंग

पांढऱ्या प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये सांगतात. सुमारे ३,००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, ४,००० च्या आसपासचा तटस्थ आणि ६,५०० चा निळसर असतो. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे रंगदर्शन निर्देशांकाने कळते. त्याचे कमाल मूल्य १०० असते. माती, वाळलेला पाला आणि तपकिरी साप यांतील फरक ओळखण्यास तटस्थ छटेचा आणि ९० किंवा अधिक निर्देशांकाचा प्रकाश अधिक अनुकूल असतो. निळसर प्रकाशाकडे कीटक जास्त आकर्षित होतात. लाल प्रकाश अंधाराला सरावलेले डोळे टिकवून ठेवतो, परंतु त्यात रंगभेद नाहीसा होत असल्याने वाट निरखण्यास तो अपुरा असतो.

### धरण्याची पद्धत

साखळी आणि विष्ठेची पिशवी हाताळताना हात मोकळा राहणे सोयीचे असते. कपाळावर बांधायची विजेरी नजर जाईल तेथे उजेड टाकते, पण तिचा प्रकाश डोळ्यांजवळून निघत असल्याने वस्तूंच्या सावल्या वस्तूंमागेच लपतात. जमीन सपाट भासते आणि खड्डे व दगड कमी उठून दिसतात. कमरेच्या उंचीवर धरलेल्या किंवा पट्ट्याला अडकवलेल्या विजेरीमुळे सावल्या लांब पडतात आणि उंचवटे स्पष्ट होतात. पावसात किंवा धुक्यात कपाळावरील दिव्याचा प्रकाश थेंबांवरून उलटून डोळ्यांत येतो. तेव्हाही दिवा खाली धरणे श्रेयस्कर ठरते. समोर भेटलेल्या व्यक्तीकडे पाहताना कपाळावरील झोत तिच्या डोळ्यांवर पडतो, हा आणखी एक दोष होय.

मोबाइल फोनचा दिवा रुंद झोताचा आणि सदैव जवळ असणारा असला, तरी कुत्र्याने हिसका दिल्यास फोन हातून सुटू शकतो आणि दिव्याने बॅटरी संपल्यास मदतीसाठी संपर्काचे साधनच राहत नाही.

### बॅटरी

पेन्सिल सेलांची विजेरी कोठेही दुरुस्त करता येण्याजोगी आणि सेल सहज मिळणारी असते. साधा किंवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तर पुनर्भारित होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. १८६५० या नावाने ओळखला जाणारा लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. ३,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या अशा सेलात सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा साठते. एका वॉटला १०० ल्युमेन धरल्यास त्यातून ३०० ल्युमेनचा प्रकाश साडेतीन तासांच्या आसपास मिळू शकतो, म्हणजे रोजच्या अर्ध्या तासाच्या फेरीसाठी सेल आठवडाभर पुरतो.

### पाण्यापासून संरक्षण

आयपी या संकेतातील शेवटचा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाल्यासही संरक्षण. पावसाळी फेऱ्यांसाठी पहिला स्तर किमान मानला जातो.

### कळ

अंधारात, ओल्या हाताने किंवा एकाच अंगठ्याने चालवता येईल अशी कळ सोयीची असते. विजेरी दर वेळी आधीच्याच मंद-प्रखर स्थितीत सुरू होणे इष्ट मानले जाते. काही विजेऱ्यांत प्रत्येक दाबागणिक लुकलुकता झोत मध्ये येतो. त्याने कुत्रा बिचकू शकतो आणि चालणाऱ्यालाही जमीन नीट दिसत नाही.

## निगा आणि सुरक्षितता

साधे व अल्कलाइन सेल दीर्घकाळ आत राहिल्यास गळतात आणि विजेरीचे धातूचे संपर्कबिंदू गंजतात. वापर नसताना ते काढून ठेवले जातात. लिथियम-आयन सेलचे आवरण फाटल्यास किंवा तो नाण्या-किल्ल्यांसोबत खिशात ठेवल्यास लघुपरिपथ होऊन आग लागू शकते. कुत्र्याने सेल चावल्यास त्यातील रसायनांनी तोंडाला व अन्ननलिकेला इजा होते, म्हणून सेल त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक आहे. वापरलेल्या सेलांच्या संकलनासाठी भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत.

## पर्यावरणीय परिणाम

कृत्रिम प्रकाश निशाचर प्राण्यांच्या वर्तनात व्यत्यय आणतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, तसेच गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. पांढऱ्या प्रकाशामुळे मादी अंडी न घालता परतू शकते आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याच्या दिशेने भरकटतात. मोकळे कुत्रे कासवांची घरटी उकरतात. त्यामुळे अशा किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात कुत्र्यासह रात्रीची फेरी टाळणे योग्य ठरते; येथे विजेरी कोणतीही असली तरी ती अडचणीचीच असते.

## हे सुद्धा पहा

* कंदील
* एलईडी
* लिथियम-आयन बॅटरी
* सर्पदंश
* घोणस
* मण्यार
* फुरसे
* ऑलिव्ह रिडले कासव